रेव्ह. टिळक आणि एका नावाचे यमक



चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमच्या दिशेने जाणाऱ्या उपनगरी गाडीत बसले की वाटेत आवडी नावाचे स्थानक लागते. जुन्या पिढीच्या वाचकांना हे नाव १९५५ सालच्या काँग्रेस अधिवेशनामुळे आठवेल, नंतरच्यांना तेथील रणगाड्यांच्या कारखान्यामुळे. मराठी माणसाच्या डोळ्यांना मात्र ही तीन अक्षरे प्रथम गावाचे नाव म्हणून दिसतच नाहीत. आवड, आवडी हा आपल्या संतांचा लाडका शब्द. घडी, निवडी, दवडी अशा शब्दांच्या पंक्तीत तो न बोलावता येऊन बसतो. तमिळ मुलखात आपलाच शब्द आपले स्वागत करीत आहे, असे क्षणभर वाटून जाते.

माझी धाकटी बहीण व मेहुणे नोकरीच्या निमित्ताने आवडीस राहतात. एका नाताळापूर्वी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बारा वर्षांची भाची शाळेत व शेजारी तमिळ बोलते, घरात मराठी. घरच्या प्रार्थनेत म्हणण्यासाठी आपण स्वतः मराठी गीत रचावयाचे, असे तिने मनात घेतले होते. पहिली ओळ झाली. तिच्या शेवटी प्रभूचे नाव आले आणि गाडे अडले. वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि मामा, येशूला यमक काय, असे विचारू लागली. मी मोठ्या विश्वासाने पशू व शिशू असे दोन शब्द सांगितले. तिने ते दोन वेळा उच्चारून पाहिले आणि मान हलविली. जुळत नाहीत, म्हणाली. तिचे खरे होते. येशू या शब्दात शेवटच्या अक्षराआधी ‘ए’ आहे; पशूत ‘अ’ व शिशूत ‘इ’. कानाला ते लगेच कळते. वर तिने असेही सांगितले की तिच्या मैत्रिणीला ही अडचण येत नाही, कारण तमिळमध्ये प्रभूला येसु म्हणतात आणि ‘पेसु’ म्हणजे ‘बोल’, असा सुरेख जोड तिला आयताच मिळतो. ईशज्ञानाची पदवी घेतलेला आणि आयुष्याची उमेदीची वर्षे शास्त्राच्या भाषांतरात घालविलेला तिचा मामा त्या संध्याकाळी निरुत्तर झाला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला रेव्ह. नारायण वामन टिळक आठवले. आपण दर रविवारी ज्यांची पदे गातो, त्या टिळकांपुढे हाच प्रश्न १८९५ पासून १९१९ पर्यंत, म्हणजे ख्रिस्ती जीवनाची चोवीस वर्षे उभा होता. त्यांची जीवनकथा आपण अनेकदा वाचली असेल. आज ती या एका बाजूने पुन्हा पाहावी, अशी माझी विनंती आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, वडील वामनराव कडक स्वभावाचे, आई जानकीबाई भाविक आणि कवितेची ओढ असलेल्या. मुलाच्या कानावर पद्य पडले ते आईकडून. ती माउली तो अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेली. आईवाचून घर त्याला घर वाटेना. तो बाहेर पडला आणि नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत भाषा व काव्यशास्त्र यांचे अध्ययन केले. इंग्रजीही शिकला, पण शाळेचा क्रम पुरा होऊ शकला नाही. त्याच्या जन्मात कोणताच क्रम सहसा पुरा झाला नाही, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य केले आहे.

येथे यमकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. संस्कृत वृत्तांना अंत्य यमकाची गरज नसते. मराठी कवितेला ते हवे असते, आणि पंडित कवींना तर त्याचे वेड होते. वामन पंडितांना लोकांनी ‘यमक्या वामन’ म्हटले. मोरोपंतांनी आर्येच्या प्रत्येक जोडीत यमकाचे असे काही खेळ केले की वाचणारा थक्क होतो आणि पुष्कळदा थकतोही. टिळक याच परंपरेत वाढले. शीघ्र रचना, चटकन सुचणारा जोडशब्द, समस्यापूर्ती, या गोष्टी त्यांना खेळासारख्या होत्या. ज्याला कोणत्याही शब्दाचे यमक क्षणात सापडते, अशा माणसाला पुढे एक शब्द असा भेटावयाचा होता की त्याला मराठीत सोबतीच नव्हते.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्यांचे लग्न झाले. याच आपल्या लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढची वर्षे भटकंतीत गेली. शिक्षकाची नोकरी धरावी, सोडावी. कीर्तन करावे, व्याख्यान द्यावे. हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, हे त्यांचे जीवन. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हा संसार हसत हसत सांगितला आहे. पण त्या हसण्याखाली किती सोसणे आहे, हे वाचताना लपत नाही. नागपुरास बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना काही काळ स्थैर्य मिळाले. तेथे त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या देशाला कोणता धर्म सावरील, हा प्रश्न त्यांना त्या दिवसांत सोडीत नव्हता.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावास निघाले. आगगाडीच्या डब्यात एक मिशनरी भेटले. कवितेवर बोलणे झाले, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असेल. तरी दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनऱ्याने सांगितलेली मुदत जवळजवळ तंतोतंत भरली होती.

वाचकहो, त्या दिवसाची किंमत आपण आज सहज विसरतो. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण ज्या घरात तो आहे तेथे पाऊल टाकणे म्हणजे जात सोडणे. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. त्यांतला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. ज्यांना पतीने हट्टाने अक्षरओळख करून दिली होती, त्या बाईंना आता स्वतःची कविता सुचू लागली. टिळक इकडे नव्या समाजात एकटे होते. जुनी माणसे तुटलेली, नवी माणसे अजून आपली न झालेली.

बाप्तिस्म्यानंतर ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. रविवारी उपासनेला बसले की कानावर मराठी गीते पडत, पण त्यांतील बरीचशी इंग्रजीच्या बेतावर शिवलेली. चाली विलायती. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या गणतीवर. आघाताच्या ठिकाणी मराठी शब्दाला उगाच हिसका बसे आणि ऱ्हस्व दीर्घ होई. यमकाचीही तीच कथा. इंग्रजी गीतकारांनाही आपल्या सर्वांत आवडत्या शब्दाने कमी छळलेले नाही. त्यांच्या ‘लव्ह’ला यमके मोजकी: वर या अर्थाचा ‘अबव्ह’, कबुतर या अर्थाचा ‘डव्ह’ आणि हातमोजा या अर्थाचा ‘ग्लव्ह’. म्हणून त्यांच्या भक्तिगीतांतील प्रीती वारंवार वर स्वर्गाकडे पाहते किंवा कबुतराबरोबर उतरते. हातमोजा बिचारा भक्तीच्या कामी येत नाही. आमच्या प्रीतीला भीती, रीती, नीती असे सोबती आहेत. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील अठरावे वचन मराठीत आणताना भाषांतरकाराला प्रीती आणि भीती एकमेकींसमोर उभ्या कराव्याच लागतात. तेथे कोणी यमक जुळविले नाही, ते भाषेनेच दिले.

पण नावाचे काय? ‘देवा’ म्हटले की सेवा, ठेवा, मेवा धावत येतात. इतके की मराठी गीतांत देवा आल्यावर पुढच्या ओळीत सेवा येणार हे लहान मूलही सांगेल. ‘तारण’ला कारण आणि निवारण आहेत. ‘वधस्तंभ’ला दंभ आणि आरंभ. ‘क्रूस’ हा पोर्तुगिजांबरोबर आलेला शब्द, तरी त्यालासुद्धा माणूस मिळाला. ‘ख्रिस्त’ मात्र एकटा. शिस्त, भिस्त, किस्त, एवढेच शब्द खऱ्या अर्थाने त्याच्याशी जुळतात. शिस्त छावणीतली आणि किस्त सावकाराच्या दारातली. राहता राहिली भिस्त. अर्थाने हा शब्द किती योग्य आहे! मी तरुणपणी या जोडीवर एक कडवे रचून एका गीतसंग्रहाच्या समितीकडे पाठविले होते. भिस्त हा शब्द बाजारी आहे, या शेऱ्यासह ते परत आले. मला अजून तसे वाटत नाही. पण प्रत्येक गीतात भिस्तच आली असती तर लोक कंटाळले असते, हे मी कबूल करतो. विभक्तिप्रत्यय लावून ख्रिस्ताला, त्याला, मला असे शेवट जुळविता येतात. पण ते यमक नव्हे, ती नुसती डागडुजी.

ख्रिस्त या पदवीचा अर्थ ‘अभिषिक्त’. हा शब्द घेतला तर त्याचे यमक ‘रिक्त’ होते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूने स्वतःला काय केले हे सांगताना आपल्या मराठी शास्त्रात हाच शब्द आला आहे. अनुवादाच्या मेजावर हे प्रथम लक्षात आले तेव्हा मी लेखणी खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. तथापि सामान्य मंडळीच्या तोंडी अभिषिक्त हा शब्द रुळलेला नाही. लोकांना हाक मारावयाला नावच हवे.

टिळकांच्या आधी या वाटेने कोणी गेले नव्हते असे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. नगरमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा घातली. १९०८ पर्यंत ते हयात होते. टिळकांना तयार झालेले हे शेत मिळाले, हे त्यांच्या गौरवाच्या भरात विसरले जाऊ नये. सांगळ्यांचे नाव आज किती थोड्या तरुणांना माहीत आहे!

मग टिळकांनी वेगळे काय केले? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी नावाला यमक शोधण्याऐवजी नावाला बसावयास जागा शोधली. ती त्यांना तुकारामांच्या घरी सापडली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती, आणि कवी म्हणून ते त्याच पुलावर पुन्हापुन्हा गेले. मोठ्या अभंगाची घडण आठवा. चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक जुळावयाचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या अखेरीस. पहिला चरण मोकळा, चौथाही मोकळा. म्हणजे ज्या ठिकाणी अभंग उघडतो आणि ज्या ठिकाणी तो टेकतो, त्या दोन्ही ठिकाणी यमकाची सक्ती नाही. संत आपले नाव किंवा देवाचे नाव तेथे निर्धास्त ठेवतात. परका, सोबती नसलेला शब्दही तेथे ताठ उभा राहू शकतो आणि मधले दोन घरचे शब्द एकमेकांचा हात धरून त्याची वाट चालवतात. ‘अभंगांजली’ घेऊन बसा आणि स्वतः पाहा. छंदाची ही सोय शेकडो वर्षांपासून मराठीत होती. ख्रिस्ताच्या नावासाठी ती मनापासून वापरावी, हे एका ब्राह्मणाच्या मुलाला उमगले.

दुसरी गोष्ट त्यांनी अशी केली की प्रभूला हाक मारावयाची मराठी नावे मोकळ्या मनाने घेतली. माउली म्हटले की साउली व पाउली आल्याच. गुरु, सखा, राया, नाथा, या साऱ्या हाका भक्तांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेल्या. ‘येशू’ एकटा असला तरी येशूराया एकटा नाही. त्याच्यासाठी काया, माया, छाया, पाया अंगणात उभ्या आहेत. येशूनाथा म्हणा की माथा लवतो. ज्या कवीची आई अकराव्या-बाराव्या वर्षी गेली, त्याने प्रभूला आई म्हणावे यात मला तरी केवळ परंपरेचे अनुकरण दिसत नाही.

हे सर्वांना रुचले नाही. टाळ, मृदंग, अभंग ही जुन्या धर्माची चिन्हे आहेत, ती देवळात सोडून आलेल्या माणसाने मंदिरात कशाला आणावी, असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते, आजही भेटतात. त्यांच्या मनातील भीती खोटी नव्हती. ज्यांनी मोठी किंमत देऊन काही सोडले, त्यांना ते पुन्हा दारात दिसले की दचकायला होते. पण टिळकांनी दिलेली किंमत कोणाहून कमी नव्हती, म्हणून त्यांना तो अधिकार होता. शंभराहून अधिक पदे त्यांनी मंडळीला दिली आणि ‘उपासना-संगीत’ या आपल्या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या लेखणीतून आला. ती सारीच एका तोलाची आहेत असे मी म्हणणार नाही. शीघ्रकवीचा हात जेथे घाईत चालला तेथे यमक पुढे आणि अर्थ मागे, असेही झाले आहे. टिळकांना सुचत फार होते आणि जपून ठेवणे जमत नव्हते.

लक्ष्मीबाई अखेर परतल्या. प्रथम फक्त पतीजवळ राहावयाचे, धर्म आपापला, असा त्यांचा निश्चय होता. सोवळे पाळणाऱ्या त्या बाईंच्या मनातील भिंत हळूहळू, कोणाच्या वादविवादाने नव्हे तर रोजच्या जगण्याने खचली. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरचे त्यांचे घर कवींचे आणि निराश्रितांचे झाले. बालकवी ठोंबरे हा कोवळा कवी याच घरात राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागविले. निसर्गात रमणाऱ्या त्या तरुणाने धर्म बदलावा म्हणून त्या घरात कोणी त्याच्या मागे लागले नाही.

१९०९ च्या सुमारास टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. रामायणाच्या धर्तीवर नाव, आणि छंद ओवी. ओवीतही अभंगासारखीच कृपा आहे: पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. ख्रिस्ताचे सबंध चरित्र सांगावयाचे तर प्रत्येक पानावर ते नाव येणार, म्हणून अशा छंदाची फार गरज होती. गंमत अशी की ओवीच्या जन्मकाळी येशू या नावाला मराठीत सोबतीही होते. ज्ञानेश्वरांच्या मराठीत पुल्लिंगी नामे उकारान्त होत: देशु, वेशु, उपदेशु, प्रवेशु. आपले नाव त्या काळी महाराष्ट्रात आले असते तर उपदेशूच्या शेजारी सहज बसले असते. ते आले तेव्हा भाषेने तो उकार टाकून दिलेला होता. शब्दही कधी कधी उशिरा पोहोचतात.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. कामाच्या रगाड्यात ‘ख्रिस्तायन’ मागे पडू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरु मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा असावी, असा त्यांचा मानस होता. ही कल्पना मंडळीला पेलली नाही. ती बरोबर होती की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहोत. पण ज्या माणसाने सोबती नसलेल्या नावासाठी अभंगात मोकळी जागा शोधली, त्याने माणसांसाठीही तशी जागा शोधावी, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. फळ पाहण्यास वेळ उरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते.

अपुऱ्या ग्रंथाचे ओझे लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्यांना शाळेचे तोंड ठाऊक नव्हते, ज्यांनी एके काळी त्या नावामुळे पतीचे घर सोडले होते, त्यांनी उतारवयात त्याच नावाच्या चौसष्ट अध्याय ओव्या रचल्या. शास्त्रीबुवांच्या पाठशाळेतील यमक त्यांना कोणी शिकविले नव्हते. त्यांची ओवी जात्यावरची, आजीच्या तोंडची, आणि म्हणूनच माझ्या कानाला ती पुष्कळ ठिकाणी टिळकांच्या ओवीहून अधिक सरळ लागते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला आणि १९३८ साली तिघांच्या हातचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंढरपुरात आईच्या पदराआड असलेला लहानगा दत्तू तो हाच.

हे सारे मी आवडीच्या त्या घरात दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितले, अर्थात तिला झेपेल तेवढेच. तमिळ मुलखातील आपल्या माणसांविषयीही थोडे सांगितले. तंजावरचे मराठी राजे शरफोजी आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही लहानपणी मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छायेत शिकले, आणि मराठी राजाच्या आश्रयाने तमिळमध्ये ख्रिस्ताची गाणी गायिली गेली, हे ऐकून तिला फार नवल वाटले. तमिळ काव्यशास्त्रात यमकाचे मुख्य स्थान ओळीच्या आरंभी असते, शब्दाचे दुसरे अक्षर ओळीओळीत जुळावे लागते आणि त्याला एदुकै म्हणतात, हे मीही तेथेच एका तमिळ पाळकमित्राकडून नीट समजून घेतले. मुलीला ही युक्ती आवडली. नाव शेवटी कशाला, आरंभीच ठेवू, असे तिने ठरविले.

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत चार ओळी झाल्या. प्रभूचे नाव पहिल्या ओळीच्या तोंडाशी गेले होते. ओळीच्या अखेरीस तिने आपल्या गावाचे नाव घातले आणि पुढच्या ओळीत शब्द आणला घडी. मेहुण्यांनी चाल लावली. ती बहिणीला पसंत नव्हती, आणि त्या चालीवरून त्या घरात अजून एकमत झालेले नाही.